डेपोमागचं पातेलं

सोमवार, ३ मार्च

आज झेरॉक्सच्या दुकानात एक नवा माणूस ओळखपत्राची प्रत काढायला आला. काउंटरवरचं 'पोटभर' उचललं, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "हे लिहितं तरी कोण? याच्यामुळे मी या वस्तीत दोन महिने जगलोय." मी म्हटलं, "असेल कोणीतरी." तो गेल्यावर दहा मिनिटं एकटीच हसत होते. मालकांनी काय झालं विचारलं, तर काही नाही म्हटलं.

'पोटभर' म्हणजे एक पान, पाठपोट, एक सोमवार सोडून निघणारं. वस्तीत चांगलं, खिशाला परवडेल असं जेवण कुठे मिळतं, कोणती बेकरी कालचा पाव आजचा म्हणून गळ्यात मारत नाही, कोणत्या मासेवाल्याचा तराजू सरळ आहे, एवढंच त्यात असतं. कागद मालक देतात (एका बाजूने वाया गेलेला नाही, चांगला कोरा), मशीन मी चालवते आणि चव बाबा घेतात. लाँड्री, दवाखाना आणि बस डेपोची भिंत अशा तीन ठिकाणी लावतो. भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणारी माणसं वाचतात. आमचे नियम दोनच. फुकट खायचं नाही, आणि कोणाबद्दल वाईट लिहायचं तर दोनदा जाऊन लिहायचं.

बाबा चौतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी होते. हजार माणसांच्या पातेल्यात नुसती पळी फिरवून वासावरून मीठ सांगायचे. अजूनही रस्त्यात लोक त्यांना 'आचारीकाका' म्हणून हाक मारतात. मी त्यांची थोरली मुलगी, वय सत्तेचाळीस, आणि माझ्याबद्दल घरात लहानपणापासून एकच वाक्य आहे: मोठीला काय, गरम असलं की झालं. तेव्हा बाबा सांगतात आणि मी लिहिते. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. खरंच नाही.

जानेवारीतल्या तापाने त्यांना तीन आठवडे झोपवलं होतं, पण आता ठणठणीत आहेत. फक्त हल्ली जेवताना माझ्याकडे टक लावून बघत बसतात. वयाने माया वाढते माणसाला.

शनिवार, ८ मार्च

बाबांना घेऊन डेपोमागे पातेलीबाईंकडे गेले. हे नाव डेपोतल्या ड्रायव्हरांनी पाडलेलं. सहा टेबलं आणि एक भलं मोठं पातेलं, रोज त्यात जे असेल तेच मिळणार. दोन वर्षांपूर्वी आपणच तिच्याबद्दल भरभरून लिहिलं होतं. पुन्हा एकदा बघून यावं, असं माझ्या मनात होतं.

आज मसुराचं सूप होतं, बरोबर जाड कापलेला पाव. खोटं कशाला लिहू, मला भूक लागली होती आणि मी मान खाली घालून हाणलं. शेवटी पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला. मान वर केली तेव्हा बाबांचा वाडगा निम्मा झाला होता आणि पातेलीबाई दुसरा भरलेला वाडगा हातात घेऊन धापा टाकत टेबलाशी उभी होती. आणखी वाढायला आली असणार. बाबांकडे बघून ती तशीच थांबली. बाबांनी शांतपणे उरलेलंही संपवलं, चमचा ठेवला आणि तिला म्हणाले, "मीठ बेताचं का टाकता हल्ली?"

तिने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं काका. पुढच्या वेळी लक्ष ठेवते."

बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "हात गेला तिचा. अळणी." मी म्हटलं, "मला तर बरं लागलं." ते हसले. "तुला काय, गरम होतं ना!" मीही हसले. आणि तिने स्वतःच कबूल केलं म्हटल्यावर बोलायला जागाच कुठे होती?

घरी आल्यापासून बाबा नुसते पाणी पीत आहेत. तांब्या तीनदा भरला. ऊन वाढलंय.

सोमवार, १० मार्च

अंक लावला. पातेलीबाईंबद्दल चार ओळी गेल्या: "डेपोमागचं पातेलं आता पूर्वीचं राहिलं नाही. सूप अळणी, हात आखडलेला. नवीन माणसाने तूर्त वाट वाकडी करू नये."

दुसऱ्यांदा जायला हवं होतं. मी काल म्हटलंही, तर बाबा एकदम चिडले, "दुसऱ्यांदा कशाला? जीभ काय आज एक सांगते आणि उद्या एक?" एवढं चिडायचं काय होतं कोण जाणे. मला वाद घालायचा कंटाळा आला, शिवाय पानावर बरोबर चार ओळींचीच जागा रिकामी होती. हे शेवटचं कारण मी इथे लिहितेय, बाहेर कोणाला सांगणार नाही.

डेपोच्या भिंतीला पान चिकटवताना मात्र मागे वळून बघितलं. तिच्या दारातून वाफ येत होती.

रविवार, १६ मार्च

धाकटी आली होती. बाबांनी हौसेने स्वतः भाजीचा रस्सा केला. धाकटीने पहिला घास घेतला, आणि तोंडाला हात लावून सरळ मोरीकडे पळाली. "बाबा, अख्खा समुद्र ओतलात की काय!" बाबा म्हणाले, "तुझ्या घरी सगळं फिकं खातात, सवय गेली तुझी." मी धाकटीकडे डोळे वटारले आणि माझ्या ताटातलं सगळं संपवलं. घशाखाली उतरत नव्हतं, पण संपवलं. एवढ्या मायेने कोणी करतं का आपल्याला?

नंतर ती भांडी पुसताना हळूच म्हणाली, "ताई, तुझ्या लक्षात कसं येत नाही गं? दूध करपून खोलीभर वास सुटला होता आणि बाबा शेगडीच्या शेजारी बसून पेपर वाचत होते." मी म्हटलं, "वाचताना त्यांना जगाचं भान नसतं, तुला माहीत नाही?" ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुलाच माहीत नाही." मग आमचं वाजलं. महिन्यातून एकदा पाहुणीसारखं यायचं आणि मला शिकवून जायचं, असं मी बोलून गेले. ती चहाही न घेता गेली. आता वाईट वाटतंय, पण फोन मी करणार नाही.

शुक्रवार, २१ मार्च

दुपारी बँकेच्या कामाला निघाले होते, ती डेपोमागून गेले. ऐन जेवणाची वेळ. सहापैकी पाच टेबलं रिकामी. पातेलीबाई एक टेबल पुसत होती, मग दुसरं, मग परत पहिलंच. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेले. का गेले? मी काय चोरी केली होती?

जे होतं ते लिहिलं. बाबांची जीभ आहे, कोणा ऐऱ्यागैऱ्याची नाही. उद्या एखादा बिचारा कामगार आपलं वाचून तिथे गेला आणि अळणी खाऊन आला, तर तोही आपलाच दोष ना? रस्ताभर स्वतःला हे सांगत गेले. बँकेत गेल्यावर कळलं की पासबुक घरीच राहिलंय.

शनिवार, २९ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

लाँड्रीत बाबांचे सदरे टाकायला गेले. लाँड्रीवाले खुशीत होते. "तुमच्यामुळे मला चांगली बाई मिळाली इस्त्रीला! तिचं संध्याकाळचं दुकान बंदच झालं ना." आत बघते तर पातेलीबाई. इस्त्रीच्या टेबलाशी उभी, कपाळावर घाम. आणि तिच्या डोक्यावर, भिंतीतल्या खिळ्याला, 'पोटभर'चे सगळे अंक अडकवलेले. लाँड्रीवाले जुने अंक फेकत नाहीत, जपून ठेवतात, हे मीच कौतुकाने सगळ्यांना सांगत असे.

ती माझ्याकडे बघून हसली. टोमणा नाही, तोंड फिरवणं नाही. म्हणाली, "काकांची तब्येत बरी आहे ना? पाणी भरपूर पितात ना?" मी हो म्हटलं. सदरे काउंटरवर ठेवले आणि पावती न घेताच बाहेर पडले. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान मला उलटून काहीतरी बोलता आलं असतं.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ पेपर धरून बसले. पान काही उलटलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

मालकांकडून दुपारची सुट्टी घेतली आणि एकटीच पातेलीबाईंकडे गेले. टेबलं चार उरलीत. दोन विकली म्हणे. आज बटाट्याचं सूप होतं. वाडगा समोर आला. पहिला चमचा घेतला. मीठ बरोबर. दुसरा घेतला. बरोबर. कितीही वेळा घेतला तरी बरोबरच.

मी विचारलं, "मीठ वाढवलंत का?"

"नाही. मी पहिल्यापासून एकाच चमच्याने घालते. हा बघा."

"मग त्या दिवशी लक्ष ठेवते का म्हणालात?"

ती टेबल पुसायला लागली. पुसण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "सांगा हो. मला कळायलाच हवं."

मग ती समोर बसली आणि सांगितलं. त्या दिवशी मिठाच्या डब्याचं झाकण निसटलं आणि एका वाडग्यात मूठभर मीठ पडलं. टाकून द्यायला तो वाडगा तिने बाजूला ठेवला होता. घाईत तोच बाबांपुढे गेला. लक्षात आलं तशी ती चांगला वाडगा घेऊन धावत आली. "तोवर काकांचा निम्मा संपला होता. म्हटलं, आता हे उरलेलं माझ्या डोक्यावर ओततात! तर ते म्हणाले, मीठ बेताचं का टाकता. मग मला कळलं. संध्याकाळभर माझ्या जिवाला घोर, की यांना काही झालं तर? दुसऱ्या दिवशी डेपोच्या बाकावर बसलेले दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला."

मी म्हटलं, "तेव्हाच सांगायचं ना!"

"काय सांगू? आचारी माणसाला, त्याच्या मुलीसमोर, की तुम्हाला चव लागत नाही? माझे वडील सुतार होते. त्यांची नजर गेली, पण ते कबूल करायचे नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. ते झोपले की त्यांनी जोडलेल्या खुर्च्या आम्ही सोडवून परत जोडायचो."

"पण मी छापलं तेव्हा तरी यायचं होतंत माझ्याकडे. तुमचं दुकान बसलं हो!"

तिने वाडगा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "काकांचा राग नाही आला मला. ते काय करणार? तुमचा आला. तुमचा वाडगा तर पातेल्यातलाच होता. पावाने पुसून खाल्लात. मी बघत होते."

मी तशीच उठले. घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. तीन आठवडे मी स्वतःला समजावत होते की जे होतं ते लिहिलं. जे होतं ते माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळून दुसरंच लिहिलं.

गुरुवार, ३ एप्रिल

आणखी एक पाप केलं. सकाळी बाबांच्या चहात साखर घातलीच नाही, आणि मुकाट्याने समोर बसले. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, दुसरा घोट घेतला, पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, "झकास झालाय." माझे डोळे भरून आले. लगेच त्यांनी कप खाली ठेवला.

"परीक्षा घेतेस होय माझी?"

"बाबा, कधीपासून?"

"तापात गेली. वास गेला, चवही गेली. तोंडात कापूस घातल्यासारखं लागतं सगळं. वाटलं, येईल परत."

मग मी विचारलं, मनात होतं ते सगळं. ताप जानेवारीतला. त्यानंतर दोन-तीन अंक निघाले. कोपऱ्यावरची बेकरी, पुलाखालचं अंड्यांचं दुकान, हे सगळं त्यांनी अचूक सांगितलं होतं. लोकांनी येऊन सांगितलं की बरोबर होतं. ते कसं?

बाबांनी कपाकडे बघत सांगितलं, "तुझ्या तोंडाकडे बघून. तुला आवडलं की तुझी डावी भुवई वर जाते. नाही आवडलं की तू पाणी पितेस. लहानपणापासूनचं आहे. मी तेच तुला सांगायचो आणि तू लिहायचीस."

माझा हात डाव्या भुवईकडे गेला.

"त्या दिवशी तू मान वर केलीच नाहीस," ते म्हणाले. "मी वाट बघितली. ती बाई येऊन डोक्यावर उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. चांगलं म्हटलं की लोक विचारतात, काय चांगलं? अळणी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, मला बरं लागलं. तेव्हा मला कळलं की मी चुकलो. पण मग माझ्याच्याने मागे फिरवेना. मी तुझीच चेष्टा केली."

आणि दुसऱ्यांदा जायचं म्हटल्यावर ते का चिडले, तेही कळलं. चिडायला नको होतं म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या. पण जाऊ द्या म्हणून काही गेलं नाही. आम्ही दोघं तिथेच बसलो, तो बिनसाखरेचा चहा मधे ठेवून.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. "तुझं बरोबर होतं," एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं. ती म्हणाली, "अगं, मी तरी कुठे धड बोलले? उद्या येते, त्यांना डॉक्टरकडे नेऊ."

रविवार, ६ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, वास हळूहळू येईल कदाचित, चवीचं सांगता येत नाही.

उद्याच्या अंकावरून घरात युद्ध झालं. बाबा म्हणाले, "लिही, आचाऱ्याची जीभ गेली आणि त्याने खोटं सांगितलं." मी म्हटलं, मुळीच नाही. सगळी वस्ती तुम्हाला आचारीकाका म्हणते. ते म्हणाले, "मग म्हणू दे. तिची टेबलं गेली, माझं नुसतं नावच जाईल." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला चव लागत नव्हती. मला लागत होती. मग चूक कोणाची?" जन्मात पहिल्यांदा मी त्यांना गप्प केलं, आणि त्याचाही आनंद नाही.

शेवटी हे ठरलं. पानाच्या वरच्या बाजूला, सगळ्यात मोठ्या अक्षरात:

"दहा मार्चच्या अंकात डेपोमागच्या पातेल्याचं सूप अळणी असल्याचं छापलं होतं. ते खोटं होतं. मी ते सूप खाल्लं होतं, मला आवडलं होतं, मी वाडगा पुसून खाल्ला होता. तरीही स्वतःच्या जिभेवर विश्वास न ठेवता मी उलटं लिहिलं, आणि आमचाच नियम मोडून दुसऱ्यांदा न जाता लिहिलं. त्यामुळे एका चांगल्या दुकानाचं नुकसान झालं. चूक लिहिणारीची आहे. लिहिणारी झेरॉक्सच्या दुकानात बसते, कोणाला काही बोलायचं असेल तर तिथे यावं."

शेवटचं वाक्य बाबांनी सुचवलं. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने पेनने आणखी एक ओळ घातली: "यापुढे चव माझी मुलगी घेईल. मी फक्त सोबत जाईन. — आचारी." ती मला खोडवेना.

मंगळवार, ८ एप्रिल

काल दिवसभरात सात जण येऊन बोलून गेले. एक ड्रायव्हर चांगलाच तापला होता, "बाई, आम्ही तुमच्या भरवशावर जेवतो हो!" मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मी एकटीच का हसत होते, तेही मालकांना सांगून टाकलं. ते म्हणाले, कागद बंद करणार नाही. लाँड्रीवाल्यांनी दहा मार्चचा अंक खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. मी तो परत अडकवायला लावला, त्याच्यावर नवा.

आज बाबांना घेऊन दुपारी गेले. चार टेबलांपैकी दोनांवर माणसं होती. म्हणजे चमत्कार वगैरे झालेला नाही. संध्याकाळची इस्त्री ती एवढ्यात सोडणार नाही म्हणाली, एकदा पोळलं की माणूस सांभाळून राहतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आधी बसा, सूप निवेल."

वाटाण्याचं होतं. बाबांनी त्यांचा वाडगा संपवला, सगळं कापसासारखं लागत असूनही शेवटच्या चमच्यापर्यंत. मग पातेलीबाई टेबलाशी आली, पदराला हात पुसले आणि नेहमीसारखं बाबांना विचारलं, "कसं झालंय काका?"

बाबांनी चमचा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तीही माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा. पाणी प्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला, बाबा त्याचा अर्थ लावतील म्हणून.

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं. "मिरी किंचित जास्त झालीय. पण मला आवडलं."

"मिरीचं खरंय," ती म्हणाली आणि पातेल्याकडे वळली. बाबा मान खाली घालून हसत होते. मी पावाचा तुकडा तोडून वाडगा पुसायला लागले. बरोबर एका महिन्यापूर्वी, याच खुर्चीत बसून, मला एवढंच म्हणता आलं असतं.